दहा रकाने आणि एक वही

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवलेल्या आहेत. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा माझी एक विद्यार्थिनी आठवीत होती. तिच्या घराचा तळमजला अख्खा पाण्यात होता. पुढच्या पावसाळ्यापासून ती रोज सकाळी पुलावर जाऊन दोनशे पानी वहीत नोंद करायला लागली. तारीख, फूट-इंच, आभाळ कसं होतं, कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं. बारावीत ती अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज घेऊन माझ्याकडे बसली. यादीत नेतृत्व शिबिर होतं, वक्तृत्वाची दोन प्रशस्तिपत्रं होती, एका संस्थेत केलेलं पंधरा दिवसांचं काम होतं. वही नव्हती. विचारलं तर म्हणाली, ‘‘सर, ती काय, ती नुसती सवय आहे.’’

गेली काही वर्षं मी मुलांचे अर्ज आणि निबंध वाचतो आहे. हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की त्यामागचे गैरसमज एकदा नीट मांडावेत असं वाटलं.

‘‘दहाच्या दहा रकाने भरलेच पाहिजेत’’

अमेरिकेतली हजाराहून अधिक महाविद्यालयं ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच अर्ज घेतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या गोष्टींसाठी दहा रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरांची मर्यादा. शब्दांची नव्हे, अक्षरांची. दहा ही वरची मर्यादा आहे, पण पालक ती किमान अट धरून चालतात. मग नववीपासून गिटार, कराटे, अबॅकस, वृक्षारोपण अशी खरेदी सुरू होते. एमआयटी कॉमन ॲप वापरत नाही. त्यांच्या स्वतःच्या अर्जात अशा गोष्टींना जागाच जेमतेम चार. जगातल्या इतक्या नावाजलेल्या संस्थेला चारांत मूल कळतं, यावरून काय ते समजावं.

या रकान्यांमध्ये आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे, हेही लिहायचं असतं. पंधरा दिवसांचं शिबिर तिथं आपोआप उघडं पडतं. चार पावसाळे रोज केलेली नोंदही तिथंच दिसते.

याला जोडूनच दुसरा समज, की घरचं काम सांगण्यासारखं नसतं. इचलकरंजीचा एक मुलगा संध्याकाळी वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात बसायचा. सूत मोजून घ्यायचं, कामगारांचा हिशेब लिहायचा. त्यानं ते लपवलं होतं आणि त्याच्या जागी ‘वाचन’ असं लिहिलं होतं. त्याच्या आईला वाटलं, कारखान्याचं लिहिलं तर आपण पोराला कामाला लावतो असं दिसेल. कॉमन ॲपच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदारी’ आणि ‘पगारी काम’ हे स्वतंत्र प्रकारच आहेत. 2016 मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागानं ‘टर्निंग द टाइड’ नावाचा अहवाल काढला आणि अनेक कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. उपक्रमांची संख्या मोजू नका, आजीची सेवा किंवा धाकट्या भावंडांचं करणं हेही मोलाचं धरा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. शहरातल्या मुलानं परदेशी जाऊन पंधरा दिवस केलेल्या समाजसेवेपेक्षा मला तो सुताचा हिशेब कितीतरी खरा वाटतो.

‘‘छंद भारी असला की मार्कांचं भागतं’’

भागत नाही. आधी गुणपत्रकं बघतात, बाकीचं मागून. आणि इथं आपल्याकडच्या मुलांचा घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे दहावी आणि बारावी ही दोन वर्षं मोलाची. नववी ही तयारीची आणि अकरावी विश्रांतीची, असं घराघरांत धरून चालतात. अमेरिकी कॉलेजं चारही वर्षांची गुणपत्रकं मागतात. ‘अकरावीला काय, कोण बघतंय’ म्हणून क्लासच्या नादात कॉलेजची परीक्षा काठावर पास झालेली मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत. तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

सॅटचं मात्र कॉलेजागणिक वेगळं आहे. कोविडच्या काळात बहुतेकांनी ही परीक्षा ऐच्छिक केली. एमआयटीनं मार्च 2022 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, हार्वर्डनं 2024 मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र सॅटचे गुण दिले तरी प्रवेश ठरवताना बघत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळी काय झालं होतं ते न विचारता त्या त्या कॉलेजचा यंदाचा नियम वाचावा.

‘‘ठाम मतं लिहू नयेत, वाचणाऱ्याला खटकतात’’

या समजावर थोडं थांबावंसं वाटतं, कारण त्यानं सगळ्यात चांगली मुलं मुकी होतात. धर्म, जात, राजकारण, घरातला वाद, सगळं गाळून जे उरतं ते कुणाचंही असू शकतं. कॉमन ॲपचा मुख्य निबंध 250 ते 650 शब्दांचा असतो आणि त्यासाठी सात विषय दिलेले असतात. त्यांतला एक असा: एखाद्या समजुतीला किंवा विचाराला तुम्ही कधी प्रश्न केलात, कशामुळे केलात, आणि त्यातून काय निघालं. म्हणजे मत असणं अपेक्षितच आहे. ते मत आलं कुठून आणि त्यासाठी तुम्ही काय केलंत, एवढंच विचारतात.

आपल्या भाषेतल्या माणसांना याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आनंदीबाई जोशी 1883 च्या जूनमध्ये अमेरिकेत पोचल्या, तेव्हा त्या 18 वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आजच्या भाषेत तो त्यांचा निबंधच. आपलं शिक्षण तुमच्या अटींना कदाचित पुरेसं नसेल, याची जाणीव त्यात आहे. पण आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण इथवर आलो, तो निश्चयही मोजला जावा, असं त्या म्हणतात. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी हे शिकायचंय, हे कारण त्या सांगतात. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं होतं. त्या निश्चयाची मुळं तिथं होती.

त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांकडे मदत मागितली, तेव्हा ख्रिस्ती व्हा असं सुचवण्यात आलं होतं. ते त्यांनी मानलं नाही. निघण्याआधी, फेब्रुवारी 1883 मध्ये, आनंदीबाईंनी श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, जाहीर भाषण केलं आणि आपण हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येणार, हे सांगितलं. अशी बाई ज्या ख्रिस्ती देशात प्रवेश मागायला निघाली होती, तिथं हे सोयीचं नव्हतं. कॉलेजनं त्यांना घेतलं. मार्च 1886 मध्ये त्या एम.डी. झाल्या.

आता सांगलीच्या वहीकडे येतो. तिच्या घरी, गल्लीत, सगळे एकच म्हणत: पूर आला तो खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे. तिचंही तेच मत होतं आणि वही सुरू केली ती तेच सिद्ध करायला. कोयनेतून विसर्ग वाढला की पुलाशी पाणी कधी चढतं, याचा अंदाज ती बांधायची. पहिल्या वर्षी तो सपशेल चुकला. वारणा तिनं धरलीच नव्हती. वारणा कृष्णेला मिळते हरिपूरला, सांगलीच्या खालच्या अंगाला, मग वरच्या पाण्याशी तिचा काय संबंध, असं तिला वाटलं होतं. पण खाली वारणा तुंब भरून वाहत असली की कृष्णेला पुढे सरकायला वाव मिळत नाही आणि फुगवटा मागे येतो. दुसऱ्या वर्षी तिनं वारणेचा रकाना आखला. अलमट्टीबद्दल तिच्या नोंदींतून काहीच ठरत नव्हतं, ना खरं ना खोटं. हे वडिलांना सांगितल्यावर जेवणाच्या पानावर मोठं भांडण झालं होतं.

हे सगळं तिनं मला बोलता बोलता सांगितलं. तिच्या पहिल्या मसुद्यात यातली एक ओळ नव्हती. तिथं नेतृत्वगुण होते, संघभावना होती. दुसरा मसुदा वारणेच्या रकान्यापासून सुरू झाला आणि मी त्यात जवळपास काहीच दुरुस्त केलं नाही.

‘‘आपली मुलं एकसारखी दिसतात, म्हणून तबला-बिबला लिहू नये’’

हा सल्ला न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून ऐकू येतो आणि त्याला इतिहास आहे. अर्जदाराचं ‘व्यक्तिमत्त्व’ बघायची ही पद्धत उदार हेतूनं जन्मली, असं मानलं जातं. तसं झालेलं नाही. 1922 च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी एक पंचमांशाहून जास्त झाले. परीक्षेच्या जोरावर ते येत होते. अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपत होतं. उघड कोट्याला विरोध झाला, तेव्हा ‘चारित्र्य’ पाहायचं ठरलं, अर्जासोबत फोटो मागवायला सुरुवात झाली, आणि 1926 नंतर ती संख्या घटली. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी ‘द चोझन’ या 2005 च्या पुस्तकात हे सगळं कागदपत्रांनिशी मांडलंय. आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाच्या गुणांत मागे ठेवलं जातं, असा आरोप करणारा दावा हार्वर्डवर 2014 मध्ये झाला. जिल्हा न्यायालयाला 2019 मध्ये हेतुपुरस्सर भेदभाव आढळला नाही. सर्वोच्च न्यायालयानं मात्र जून 2023 मध्ये वंशाच्या आधारावर प्रवेश ठरवायलाच बंदी घातली. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हेही लिहिलं, की आपल्या वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराला सांगता येईल.

तेव्हा शंका निराधार नाही. पण त्यावर तबला लपवणं हा उपाय मला पटत नाही. दहा वर्षं रियाज केलेल्या मुलाकडून तबला काढून घेतला, तर तो लिहिणार कशावर? ‘तबला वाजवतो’ एवढंच लिहिलं तर तो शंभरातला एक दिसतो, हे खरं. झपतालातली एक तिहाई समेवर येईना म्हणून आठवडाभर बोटांवर मोजत बसलो, असं लिहिलं की तो एकटाच उरतो.

‘‘निबंध लिहून मिळतो’’

मिळतो, आणि पैसेही भरपूर मोजावे लागतात. एका सल्लागाराकडून आलेले दोन निबंध मी लागोपाठ वाचले होते. दोन वेगळ्या गावांची मुलं, आणि दोघांची आजी एकाच संध्याकाळी एकच वाक्य बोललेली. कॉमन ॲपच्या नियमांत दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देणं ही फसवणूक आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं लिहून दिलेला मजकूरही त्यात धरलाय. छंद बनावट असला तर काय होतं, ते मार्च 2019 मध्ये जगानं पाहिलं. श्रीमंत पालकांनी लाच देऊन, कधी मुलांचे चेहरे खेळाडूंच्या फोटोंवर चिकटवून, त्यांना खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून दिले होते. पन्नासहून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले. सूत्रधार विल्यम सिंगर याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

दोन छोट्या गोष्टी. ब्रिटनमध्ये हे असं चालत नाही. तिथं यूकॅसच्या अर्जात 4000 अक्षरांत लिहायचं असतं, आणि 2026 च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत वाटून दिलंय. पहिलाच प्रश्न: हाच विषय का? तिथं तबला फारसा कामाचा नाही. इतिहास शिकायचाय तर इतिहासाचं काय वाचलंत ते सांगा. दुसरं, वेगळं व्यक्तिमत्त्व असलं की शिष्यवृत्ती मिळतेच, हेही खरं नाही. हार्वर्ड-येलच्या गटातली आयव्ही लीग विद्यापीठं गुणवत्तेवर किंवा खेळावर शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त घरची ऐपत बघून मदत करतात. परदेशी मुलानं मदत मागितली की बहुतेक अमेरिकी कॉलेजांत ते प्रवेशाच्या आड येऊ शकतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अम्हर्स्ट अशी थोडीच त्याला अपवाद आहेत.

आणि आपल्याकडे? इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत सीईटीचा पर्सेंटाइल चालतो, मेडिकलला नीट. इंटरमिजिएट ड्रॉइंगचे वाढीव गुण दहावीपुरते. डिझाइनच्या संस्था, अझीम प्रेमजी विद्यापीठासारखी काही ठिकाणं सोडली, तर मुलाला काय आवडतं, काय पटतं, हे प्रवेशाच्या वाटेवर कुणी विचारत नाही. म्हणून पालक म्हणतात, ‘‘इथंच शिकायचं तर छंद कशाला?’’ माझा वाद आहे तो इथं. अर्जात विचारत नाहीत. पण पसंतीक्रमाची यादी मुलालाच भरायची असते, आणि त्या रात्री सगळं घर एकच शाखा सांगत असतं.

त्या मुलीला एका अमेरिकी कॉलेजनं प्रवेश दिला. मदत मिळाली ती अपुरी होती, म्हणून ती गेली नाही. सीईटीत तिला कॉम्प्युटर मिळेल इतके गुण होते. पसंतीक्रम भरताना वडील शेजारी बसले होते. तिनं पहिल्या पाचही जागी सिव्हिल टाकलं. वडिलांनी विचारलं, तर म्हणाली, पुराचं गणित तिथं शिकवतात. इथल्या प्रवेशाच्या कोणत्याही कागदावर त्या वहीचा उल्लेख नाही. सुट्टीत घरी आली की ती अजून सकाळी पुलावर जाते. बाकीचे दिवस आकडा वडील लिहून ठेवतात, वारणेच्या रकान्यासकट.