औषधी वनस्पतींची पारख : हरितलवकातील डीएनएची साक्ष

आयुर्वेदात अशोकाची साल प्रामुख्याने स्त्रीरोगांवरील औषधांत वापरली जाते. ही साल सीता अशोकाची असावी लागते. प्रत्यक्षात, रस्त्याच्या कडेला शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या उंच, सरळ खोट्या अशोकाची सालही त्याच नावाने बाजारात येते. पहिला वृक्ष शिंबावंत कुळातील, तर दुसरा सीताफळाच्या कुळातील आहे. उभ्या झाडांमधील फरक सहज दिसतो; वाळलेल्या सालीत किंवा भुकटीत मात्र तो नजरेस येत नाही.

समस्येचे आर्थिक स्वरूप

विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. अशा बाजारात हलका माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवून दिले. माहितीच्या या असमानतेवरील संशोधनासाठी 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना दोन सहकाऱ्यांसह विभागून मिळाले. वनौषधींच्या व्यापारात याची झळ दोघांना बसते : औषधाचा गुण न आलेल्या रुग्णाला आणि अस्सल मालाला योग्य भाव न मिळालेल्या आदिवासी संग्राहकाला. म्हणूनच मालाची ओळख पटविणारी विश्वासार्ह चाचणी ही आर्थिक गरजही आहे.

हरितलवकच का?

वनस्पतीच्या पेशीत केंद्रकाखेरीज तंतुकणिका आणि लवके यांतही डीएनए असतो. प्रकाशसंश्लेषण करणारे हरितलवक हे लवकांचेच एक रूप होय. त्यातील डीएनए वर्तुळाकार असून बहुतेक सपुष्प वनस्पतींत त्याची लांबी सुमारे 1,20,000 ते 1,70,000 आधारक-जोड्या असते. तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण जनुकक्रम 1986 मध्येच प्रसिद्ध झाला. एका पेशीत या डीएनएच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. त्यामुळे नमुना जुना झाला, तरी काही प्रती हाती लागण्याची शक्यता अधिक असते. साल हिरवी नसली, तरी तिच्या जिवंत पेशींतील लवकांत हाच डीएनए असतो. 2009 मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हरितलवकातील 'आरबीसीएल' आणि 'मॅटके' या दोन जनुकांची वनस्पतींच्या ओळखीसाठी शिफारस केली.

डीएनए वेगळा कसा करतात?

संपूर्ण जनुकक्रम हवा असल्यास ताजी पाने एक-दोन दिवस अंधारात ठेवतात. त्यामुळे त्यांतील पिष्ट कमी होते. पाने थंड द्रावणात वाटून, गाळून, अपकेंद्रण यंत्रात फिरवून हरितलवके वेगळी करतात. विकराच्या साहाय्याने बाहेरचा, केंद्रकातील डीएनए नष्ट करतात व नंतर लवके फोडतात. केवळ ओळख पटवायची असल्यास पेशीतील सर्व डीएनए एकत्र काढला जातो आणि त्यातील हवे तेवढे जनुक पीसीआर तंत्राने बहुगुणित केले जाते.

औषधी वनस्पतींत खरी अडचण त्यांच्या गुणांतूनच उद्भवते. टॅनिनसारखी द्रव्ये डीएनएला चिकटतात आणि पीसीआर प्रक्रिया रोखतात. चिकट बहुशर्करा डीएनएबरोबरच खाली बसतात. यावर सीटॅब हे प्रक्षालक, मिठाचे तीव्र द्रावण आणि पीव्हीपी यांचा उपयोग करतात. शेवटी क्लोरोफॉर्मने प्रथिने दूर करून अल्कोहोलने डीएनए अवक्षेपित केला जातो.

मर्यादा

डीएनए जाती सांगतो. औषधी द्रव्याचे प्रमाण सांगत नाही. एकाच झाडाचे मूळ, साल व पान यांतील भेदही त्यावरून कळत नाही. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक मातृवृक्षाकडूनच येत असल्याने संकर ओळखणे अवघड जाते. काढे व अर्क यांत डीएनए बऱ्याचदा तुटलेला असतो किंवा उरतच नाही. म्हणून रासायनिक आणि सूक्ष्मदर्शकीय परीक्षणाची जोड आवश्यक ठरते.

धोरणाची दिशा

केंद्र सरकारने 2000 मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. 2002 च्या जैवविविधता कायद्याने जैवसंपदेच्या लाभात वाटपाचे तत्त्व आणले, तर 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला. मात्र हक्काला भावाची जोड मिळाली, तरच तो फलदायी ठरतो. चाचणी केवळ कारखान्याच्या दारात झाली, तर तिचा लाभ उत्पादकापुरता राहील. ती खरेदी केंद्रापर्यंत पोहोचली आणि प्रमाणित मालाला वाढीव भाव मिळाला, तर प्रयोगशाळेतील हे तंत्र संग्राहकाच्या उत्पन्नाचे साधन होऊ शकेल.