वर्गणी थांबली म्हणून काम का थांबावं?

लग्नपत्रिका, दुकानाचा फ्लेक्स, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ: डीटीपीवाल्याचं पोट ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्याचं आता भाडं भरावं लागतं. फोटोशॉपवाल्या अडोबीने २०१३ मध्ये आपली नवी डिझाइन सॉफ्टवेअर वर्गणीवरच द्यायची असं ठरवलं. हप्ता चुकला की दार बंद. ओपन सोर्सचा पर्याय हाताशी आहे, पण गैरसमज आड येतात.

गैरसमज : फुकटचं ते हौशी लोकांसाठी.
वस्तुस्थिती : २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर लॅटव्हियाच्या ‘फ्लो’ला मिळालं. तो ब्लेंडर या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये घडला, आणि ब्लेंडर कुणालाही मोफत उतरवून घेता येतं.

गैरसमज : ओपन सोर्स म्हणजे नुसतं फुकट.
वस्तुस्थिती : खरी गोष्ट मालकीची आहे. २००२ मध्ये ब्लेंडरमागची कंपनी बंद पडली. तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड सोडवून घेतला. तो आता सर्वांसाठी खुला आहे. कंपनी बुडाली, तरी हत्यार हातात राहिलं.

गैरसमज : यात मराठी अक्षरं मोडतात.
वस्तुस्थिती : इंकस्केप हे चित्रं आखायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर उघडा, युनिकोड फॉन्ट घ्या आणि ‘दुसऱ्या’ लिहा. अर्धा र नीट उमटतो, ‘कि’ची वेलांटीही जागेवर बसते. घोटाळा होतो तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचा. त्यात देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी होते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

गैरसमज : छपाईला उपयोग नाही.
वस्तुस्थिती : यात थोडं तथ्य आहे. फोटोंवर काम करणारं गिंप मुख्यतः पडद्याच्या आरजीबी रंगांत चालतं. छापायच्या पानांसाठी स्क्रायबस घ्या. त्यात सीएमवायके रंग आहेत आणि प्रेससाठी पीडीएफही निघते. मराठी लावायची तर १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी.

गैरसमज : त्यात केलेलं काम विकता येत नाही.
वस्तुस्थिती : परवान्याच्या अटी प्रोग्रामला लागू होतात, तुमच्या चित्राला नाही. चित्र तुमचं आणि त्याचे पैसेही तुमचेच. वापरलेल्या फॉन्टचा आणि फोटोचा परवाना मात्र वेगळा तपासा.

सगळं एका दिवसात बदलू नका. फोटोशॉपची गुंतागुंतीची फाइल गिंपमध्ये जशीच्या तशी उघडेलच असं नाही. वर्गणी चालू आहे तोवरच जुन्या कामांच्या पीडीएफ काढून ठेवा आणि पुढची एखादी साधी पत्रिका इंकस्केपमध्ये करून पाहा. ती एसव्हीजी या खुल्या प्रकारात साठते. पाच वर्षांनी गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, “दादा, तीच पत्रिका, आता धाकटीच्या लग्नाची,” तर ती उघडायला कुणाचा हप्ता भरावा लागणार नाही.