अख्खा गाव वेशीबाहेर

सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात श्री देव रामेश्वराचा कौल झाला की हजारो माणसं घराला कुलूप लावून निघतात. सोबत गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं. घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल तर तेही. तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामा. वेशीबाहेर राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं आणि फुगड्या रंगतात. मुंबईचे चाकरमानी खास रजा काढून येतात. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने होकार दिला तरच घरी परतायचं. ही गावपळण. तीन ते पाच वर्षांनी, बहुधा मार्गशीर्षात ती होते. 2019 आणि 2024 च्या डिसेंबरात झाली होती. शेजारच्या चिंदर-वायंगणीतही ही रीत आहे. वैभववाडी तालुक्यातलं शिराळे तर दरवर्षी गाव सोडतं.

का सोडतात? कुणी म्हणेल, ते तीन दिवस गाव भुताखेतांचा. कुणी जुन्या काळातल्या साथीच्या रोगांकडे बोट दाखवेल. कुणी म्हणेल, माती-पाण्याला, हवेला विसावा मिळतो. कारण घरागणिक बदलतं, निघायचा दिवस मात्र बदलत नाही. मुसलमान घरंही निघतात, म्हणजे नुसत्या देवावरच्या श्रद्धेने हे कोडं सुटत नाही. माणसं समूहासारखं का वागतात, हा समाजमानसशास्त्राचा जुना प्रश्न इथे उघड्यावर राहुटी ठोकून बसलेला दिसतो.

मुझफर शेरीफ या तुर्की वंशाच्या संशोधकाने 1935 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काळोख्या खोलीत प्रकाशाचा एक स्थिर ठिपका. काळोखात तो हलल्यासारखा भासतो. किती हलला, असं एकेकट्याला विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येत. तीच माणसं एकत्र बसली की हळूहळू एका आकड्याशी येऊन थांबत, आणि पुढे एकटी असतानाही तोच आकडा सांगत. मोजायला हाती काहीच नसेल तेव्हा शेजारचा माणूस हेच आपलं माप असतं. माणसं पटापट मरताहेत आणि कशाने ते कळत नाही, अशा काळात चार जाणती निघाली तर त्यांच्यामागून निघणं हेच शहाणपण ठरलं असतं.

उत्तर डोळ्यांसमोर लख्ख असेल तर? इथे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश येतो. हा 1907 मध्ये वॉर्सात जन्मलेला ज्यू मुलगा. लहानपणी वल्हांडण सणाच्या रात्री आजीने एक जादा पेला भरून ठेवला. तो एलिया प्रेषितासाठी. नीट बघ, त्यातली वाइन कमी होईल, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने टक लावून पाहिलं आणि ती किंचित उतरल्यासारखी वाटली. देवाला लावलेली कौलाची पाकळी सुटायची वाट पाहत देवळात श्वास रोखून उभ्या राहिलेल्या कुणालाही हा मुलगा परका वाटणार नाही.

मोठेपणी, 1951 च्या सुमारास, अमेरिकेत ॲशने त्या आठवणीचा माग काढला. एका रेघेशी तीनपैकी कोणती रेघ लांबीने जुळते, एवढंच सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच ॲशला सामील; 18 पैकी 12 फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचं उत्तर देत. त्या फेऱ्यांमध्ये खऱ्या सहभागींची जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं बहुमताच्या बाजूने गेली, आणि चारपैकी तिघे निदान एकदा तरी झुकले. या प्रयोगावरून माणूस म्हणजे मेंढरू असा निष्कर्ष काढणाऱ्यांचा मला राग येतो. दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती! सगळी खोली विरोधात असताना माणसं डोळ्यांना दिसलं तेच सांगत होती, आणि ही बाजू पुरेशी सांगितली जात नाही.

झुकलेल्यांशी ॲश नंतर बोलला. काहींना स्वतःच्या नजरेचीच शंका आली होती. काहींना खरं उत्तर ठाऊक होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं. 1955 मध्ये डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी हे दोन दाब वेगळे करून मांडले: एक, इतरांना जास्त कळत असेल हा विश्वास, दुसरा, त्यांनी आपल्याला दूर लोटू नये ही इच्छा.

आचऱ्यात मला याहून आणखी एक गोष्ट दिसते. ॲशच्या टेबलाभोवतीची माणसं थोड्या वेळापुरती एकत्र आली होती. इथे शेजारच्या राहुटीतला माणूस उद्या तुमच्यासोबत मासळीची रापण ओढणार आहे, परवा तुमच्या घरच्या तिरडीला खांदा देणार आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरीने 1967 मध्ये सिएरा लिओनमधले शेतकरी टेम्ने आणि बॅफिन बेटावरचे शिकारी एस्किमो यांची तुलना केली. पीक एकत्र काढून साठवणारे टेम्ने समूहाकडे पुष्कळ झुकत, एकेकटे शिकार करणारे एस्किमो फारच कमी. 1996 मध्ये बाँड आणि स्मिथ या संशोधकांनी 17 देशांतले 133 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही समूहाला महत्त्व देणाऱ्या समाजांत झुकण्याचं प्रमाण जास्त आढळलं. यात दुबळेपणा शोधू नये. शिवाय गाव रिकामा व्हायचा तर सगळ्यांनी निघायला हवं. चार घरं मागे राहिली तर ती गावपळण उरतच नाही. वाडीवाडीतली भांडणं बाजूला ठेवून तीन दिवस एका आभाळाखाली राहणारा गाव मला मोलाचा वाटतो.

पण याच एकोप्याला दुसरं टोक आहे. न ऐकणाऱ्याला वाळीत टाकणं कोकणाला नवं नाही. त्याचं पाणी, देऊळ, लग्नकार्य, स्मशान, सगळंच अडवायचं. अशा छळाविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तो 2017 मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. मनापासून निघालेला आणि वाळीत पडायच्या धाकाने निघालेला, दोघे रस्त्यावर सारखेच दिसतात. म्हणून कोणत्याही एकोप्याची पारख करताना मी आधी विचारते, मागे राहणाऱ्याचं पुढे काय होतं?

ॲशच्या प्रयोगातले दोन बदल इथे कामाचे आहेत. खोलीत एकच सोबती खरं बोलला, तर झुकण्याचं प्रमाण चौथ्या हिश्शावर येई. दुसरा बदल त्याहून साधा. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, की झुकणं पुष्कळच कमी होई. आपल्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक वाक्यामागून जमाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. देवळात ते शोभतं. ग्रामसभेतही तसंच झालं, तर मनात ‘नाय’ असलेला माणूस आपण एकटेच आहोत असं समजून गप्प बसतो. त्याच्या शेजारचाही तसाच गप्प असतो, आणि कुणालाच नको असलेली प्रथा वर्षानुवर्षं चालू राहते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये ही कोंडी फोडली. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव गावाने केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एकट्या घराने हे केलं असतं तर सगळी बोलणी त्या घरातल्या बाईला खावी लागली असती. गावाने ठरवल्यावर ती एकटी उरत नाही. सिंधुदुर्गातल्या ग्रामसभांनी असे विषय आधी नाव न घालता चिठ्ठीवर घ्यावेत, चिठ्ठ्या सभेतच मोजून आकडा फळ्यावर लिहावा आणि त्यानंतर हात वर करायला सांगावं.