बाहुली खोक्यात ठेवावी की बाहेर काढावी?

काचेच्या कपाटात, अगदी वरच्या खणात, एक बाहुली उभी आहे. परगावच्या मावशीने किंवा परदेशातल्या काकांनी ती आणली, त्याला चार-पाच वर्षे झाली. तिचे खोके मात्र अजून उघडलेले नाही. "खोक्यात राहिली तर नवी राहील," असे घरातली मोठी माणसे म्हणतात. मूल खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून तिच्याकडे पाहत पाहत मोठे होते. शेवटी खेळण्याचे वय निघून जाते आणि बाहुली कपाटातच राहते.

असे कपाट पुष्कळ घरांत असते. आपले हे घर यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याजवळ कुठेतरी आहे असे समजू. वरचे वाक्य खरे आहे का, बंद खोक्यातली बाहुली खरोखर नवी राहते का, हे आता तपासून पाहू या. कारण ते खरे नसेल, तर त्या मुलाचे खेळणेही गेले आणि बाहुलीही गेली, असे दुहेरी नुकसान होते.

न उघडलेल्या खोक्याची किंमत

बाहुल्या जमवणाऱ्या छांदिष्टांच्या जगात न उघडलेल्या खोक्याला फार मान असतो. बार्बी नावाची प्रसिद्ध बाहुली १९५९ साली अमेरिकेत पहिल्यांदा विक्रीला आली, तेव्हा तिची किंमत तीन डॉलर होती. त्या पहिल्या काळातील बाहुली मूळ खोक्यासह चांगल्या स्थितीत मिळाली, तर आज छांदिष्ट तिच्यासाठी हजारो डॉलर मोजतात.

पण ही किंमत आली कुठून? १९५९ साली बाहुल्या घेणाऱ्या बहुतेक मुलींनी खोकी फाडली, फेकून दिली आणि बाहुलीशी मनसोक्त खेळल्या. म्हणून खोक्यातली बाहुली दुर्मिळ झाली आणि दुर्मिळतेला किंमत आली. सगळ्यांनीच खोकी जपली असती, तर ती इतकी महाग झालीच नसती. आज लाखोंनी तयार होणाऱ्या बाहुल्यांची खोकी अनेकजण मुद्दाम जपून ठेवतात. तेव्हा पन्नास वर्षांनी त्यांना मोठी किंमत येईलच, असे मानायला काही आधार नाही.

हा झाला बाजाराचा नियम. रसायनशास्त्राचा नियम मात्र वेगळा आहे. खोक्यावरची चिकटपट्टी शाबूत आहे की नाही, हे रेणूंना कळत नाही.

खोके कशापासून वाचवते?

खोक्याचे उपकार आधी मान्य केले पाहिजेत. ते धूळ अडवते. धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात बारीक खडे, धागे, बुरशीची बीजे आणि स्वयंपाकघरातला तेलकट अंशही असतो. खोके हाताचा घाम व तेल बाहुलीला लागू देत नाही. ती पडली तर आघात सोसते. थोडा प्रकाशही अडवते.

थोडाच, कारण खोक्याला खिडकी असते. खिडकीतून आलेला प्रकाश झग्याचा रंग फिका करतो. कपाटाची काच सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा काही भाग अडवते, सगळा नाही, आणि दृश्य प्रकाशानेही अनेक रंग उडतात. म्हणून पुष्कळ वर्षांनी अशी बाहुली बाहेर काढली, की झग्याची पुढची बाजू फिकी आणि मागची बाजू गडद दिसते. खोके बंद होते, पण प्रकाशाला दार उघडेच होते.

स्वस्त पुठ्ठा लाकडाच्या लगद्यापासून करतात. त्यात लिग्निन नावाचा पदार्थ उरलेला असतो. प्रकाश व हवा लागून लिग्निन पिवळा पडतो आणि पुठ्ठ्यात आम्लता वाढते. जुने वर्तमानपत्र पिवळे व ठिसूळ होते ते याच कारणाने. अशा पुठ्ठ्याला टेकलेल्या सुती कपड्यावर तपकिरी डाग उमटतात. बाहुलीला खोक्यात घट्ट धरून ठेवणारी रबराची बांगडी काही वर्षांत चिकट होते, मग तडकते आणि जिथे टेकली तिथे डाग सोडते. हातापायांना बांधलेली लोखंडी तार पावसाळी हवेत गंजते.

बाहुलीच्या पोटातले रसायन

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बाहुली ज्या पदार्थाची असते, तो स्वतःही हळूहळू बदलत असतो.

पहिले उदाहरण सेल्युलॉइडचे. अमेरिकेतील जॉन हायट याने १८७० च्या सुमारास ते व्यवहारात आणले. पुढे जर्मनी व जपानमध्ये सेल्युलॉइडच्या बाहुल्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. केळापूरच्या वाचकांना यात एक ओळखीची वस्तू सापडेल. सेल्युलॉइडचे मूळ द्रव्य म्हणजे सेल्युलोज, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. जिनिंगमध्ये रुई काढून घेतल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, ते या उद्योगाला फार उपयोगी असतात. त्या सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करायची आणि मग त्यात कापूर मिसळायचा, की सेल्युलॉइड तयार होते.

काळ जाईल तसे सेल्युलॉइडमधून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेतील बाष्पाशी मिळून त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडचे विघटन आणखी वेगाने घडवते. आंब्याच्या अढीत एक आंबा पिकला, की त्याचा वायू शेजारच्या आंब्यांना पिकवतो आणि मग ते इतरांना पिकवतात, तसाच हा प्रकार आहे. अढीत वायू कोंडलेला असतो म्हणूनच ती लवकर पिकते. बंद खोक्यातली सेल्युलॉइडची बाहुली ही अशीच एक अढी आहे. सेल्युलोज ॲसिटेटच्या बाहुल्यांचेही असेच होते. फरक इतकाच की त्यातून ॲसेटिक आम्ल निघते आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. या दोन्ही जातींच्या बाहुल्यांना खेळती हवा हवी. त्यांना खोक्यातून बाहेर काढणेच हिताचे.

म्हणजे सर्वच बाहुल्या बाहेर काढाव्यात का? थांबा. आता दुसरे उदाहरण पाहू.

गेल्या साठ-सत्तर वर्षांतील बहुतेक मऊ बाहुल्यांत पॉलिव्हिनिल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, हे प्लास्टिक असते. पीव्हीसी मुळात कडक असते. पाण्याचे नळ आपण त्याचेच करतो. बाहुलीचे गाल आणि पाय मऊ व्हावेत म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळतात. ते पीव्हीसीच्या लांब रेणूंच्या मध्ये शिरून बसते, पण रासायनिक बंधाने बांधलेले नसते. म्हणून काही वर्षांनी ते हळूहळू पृष्ठभागावर येते. बाहुली चिकट होते, तिच्यावर धूळ बसते आणि बरेच द्रव्य निघून गेले की ती आक्रसून कडक होते.

डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील संशोधिका इव्होन शाशुआ यांनी मऊ पीव्हीसीचे नमुने वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून त्यांची झीज अभ्यासली. बंद काचपात्रातील नमुन्यांतून प्लास्टिसायझर सावकाश निघून गेले. वायू शोषून घेणाऱ्या सक्रिय कोळशाच्या सान्निध्यात मात्र ते अधिक वेगाने गेले. याचे कारण समजायला सोपे आहे. दारे-खिडक्या बंद असलेल्या कोंदट खोलीत ओले कपडे लवकर वाळत नाहीत, कारण हवेत बाष्प साठते. बंद काचपात्रातही प्लास्टिसायझरची वाफ साठते आणि आतले द्रव्य आतच राहू पाहते. कोळसा ती वाफ गिळत राहिला तर बाष्पीभवन चालूच राहते. पॉलिथिनची पिशवीही हे द्रव्य शोषते, म्हणून ती काचेची जागा घेऊ शकत नाही.

म्हणजे सेल्युलॉइडला खेळती हवा हवी आणि मऊ पीव्हीसीला बंद काच बरी! आपल्या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही ते यामुळे. बाहुली कशाची आहे आणि तिला कोण टेकलेले आहे, हे आधी विचारले पाहिजे.

टेकण्यामुळे काय होते, याचे एक बोलके उदाहरण आहे. १९६० च्या दशकातील काही बार्बी बाहुल्यांच्या कानांत तांब्याचा अंश असलेल्या धातूची कर्णभूषणे होती. मऊ पीव्हीसी आणि तांबे यांच्या सान्निध्यात हिरवी संयुगे तयार झाली आणि कानाभोवतीचा गाल हिरवा पडत गेला. हा हिरवा डाग प्लास्टिकच्या आत शिरतो, त्यामुळे पुसून जात नाही. ज्यांनी कर्णभूषणे वेळेवर काढून वेगळी ठेवली, त्यांच्या बाहुल्या वाचल्या. ज्यांनी "मूळ स्थिती" मोडायची नाही असे ठरवले, त्यांच्या मूळ स्थितीनेच गाल बिघडवला.

केळापूरचा उन्हाळा

आता कपाटाकडे परत येऊ. मे महिन्यात आपल्या भागात दुपारचे तापमान ४४-४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते. टिनाच्या छपराखाली ते याहूनही अधिक असते. तापमान १० अंशांनी वाढले, की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांच्या मानाने ४५ अंशांना तो सुमारे चौपट झाला. मग पावसाळा येतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, की बुरशी धरते. जमिनीवर ठेवलेल्या पुठ्ठ्याला वाळवी किंवा उधई लागते, कपड्यांना कसर लागते. बंद खोक्यात हे सारे घडत असताना बाहेरून काहीच दिसत नाही.

आपल्याकडे यावर एक जुना, नकळत सांभाळलेला उपाय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मिळवतात. त्यासाठी वर्षभर ठेवलेला नंदी बाहेर काढावा लागतो, पुसावा लागतो, सैल झालेले चाक ठोकावे लागते. भुंगा लागला असेल तर तो तेव्हाच दिसतो. वर्षातून एकदा वस्तू हातात घेऊन पाहणे, हा जतनशास्त्रातला फार मोलाचा नियम आहे. वस्तुसंग्रहालयांतही ठरावीक काळाने अशी तपासणी करतात.

मग करायचे काय?

बाहुली खेळण्यासाठी आणली असेल, तर खोके आजच उघडा. खेळण्याने ती झिजेल हे खरे, पण न खेळताही ती झिजतेच. आणि लहानपण काही कपाटात ठेवता येत नाही.

बाहुली आठवण म्हणून किंवा संग्रहासाठी ठेवायची असेल, तर खोके फाडू नका. ते खालच्या बाजूने अलगद उघडा. त्याआधी छायाचित्र काढा. रबर, तार आणि धातूचे दागिने काढून वेगळे ठेवा. खोके घडी न मोडता निराळे जपा. कापडी वा लाकडी बाहुली धुतलेल्या जुन्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. मऊ प्लास्टिकची बाहुली काचेच्या बरणीत किंवा काचेच्या कपाटात, दुसऱ्या प्लास्टिकला न टेकवता ठेवा. जागा अंधारी, कोरडी आणि घरातल्या त्यातल्या त्यात थंड खोलीतली असावी. डांबरगोळ्या प्लास्टिकजवळ ठेवू नका. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात.

न उघडलेली म्हणून विकायचीच असेल, तर खोके बंद ठेवा. पण जपली जाते ती बाहुलीपेक्षा विक्रीची किंमत, हे लक्षात असू द्या. वर्षातून एकदा खिडकीतून चिकटपणा, डाग, गंज दिसतो का ते पाहा.

जुनी बाहुली चोळल्यावर कापरासारखा वास आला, तर ती सेल्युलॉइडची असण्याचा संभव आहे. ती जाळून पाहण्याचा प्रयोग कदापि करू नका. सेल्युलॉइड क्षणात पेटते. जुन्या चित्रपटांच्या फिती याच जातीच्या पदार्थाच्या असत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा फितींच्या साठ्याला आग लागली, तेव्हा अनेक जुन्या भारतीय चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या.

व्यंगचित्रकार शंकर यांनी एका हंगेरियन बाहुलीपासून सुरू केलेल्या संग्रहातून १९६५ साली दिल्लीत बाहुल्यांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले. तिथल्या बाहुल्या काचेच्या कपाटांत, आपापल्या देशांचे पोशाख घालून, खोक्यांविना उभ्या आहेत. त्या पाहण्यासाठी आहेत, म्हणून दिसतात.

वर्गात करून पाहा

एक कडक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आणि वेष्टण काढलेले मऊ प्लास्टिकचे खोडरबर घ्या. रबराचे दोन तुकडे करा. एक तुकडा पट्टीवर थेट ठेवा. दुसऱ्याखाली ॲल्युमिनियमच्या वर्खाचा तुकडा ठेवा. दोन्हींवर सारखेच वजन ठेवून महिनाभर हलवू नका. आठवड्यातून एकदा पाहून वहीत नोंद करा. पट्टी पॉलिस्टायरीनची आणि रबर पीव्हीसीचे असेल, तर पहिला तुकडा पट्टीला चिकटून तिथे खळगा पडू लागेल, कारण प्लास्टिसायझर पट्टीत शिरतो. वर्खावरच्या तुकड्याखाली असे होणार नाही. काहीच झाले नाही, तर दुसऱ्या जातीची पट्टी घेऊन पाहा. कंपासपेटीत पट्टीला चिकटलेले खोडरबर आपण अनेकदा पाहिले असेल. नव्या खोडरबरावर वेष्टण का असते, हेही आता कळेल.

हा प्रयोग झाला, की घरातले ते वरच्या खणातले खोके खाली काढा. बाहुली कशाची आहे, तिला काय टेकले आहे, ती कुणासाठी आणली होती, हे तीन प्रश्न विचारा. उघडायचे की नाही, याचे उत्तर त्यातूनच मिळेल.