संगणकाचा ताप कोण उतरवणार: वारा की पाणी?

एप्रिल महिन्यातली एक दुपार डोळ्यांपुढे आणा. गाव आहे नांदेड जिल्ह्यातले हिमायतनगर. बाहेर पारा ४२ अंशांवर पोचला आहे. परमेश्वर मंदिराकडे जाणारा रस्ता ओस पडला आहे. समजा, तुम्ही शाळेच्या संगणक कक्षात बसला आहात. सकाळी झरझर चालणारा संगणक दोनच्या सुमारास रेंगाळू लागतो. पेटीतला पंखा घोंघावू लागतो आणि एकाएकी पडदा काळा होतो.

अशा वेळी वर्गात हमखास वाद उभा राहतो. एक जण म्हणतो, “शहरात पाण्याने थंड होणारे संगणक मिळतात. आपल्याकडेही तसेच हवेत.” दुसरा म्हणतो, “वेडा आहेस का? पाणी आणि वीज यांची गाठ घालतोस?” तिसऱ्याचे म्हणणे, “आणखी एक पंखा लावला की झाले!” या तिघांपैकी कोणाचे बरोबर? उत्तर द्यायची घाई नको. आधी ही उष्णता येते कोठून आणि जाते कोठे, ते पाहू.

उष्णता येते कोठून?

ज्याला आपण सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो, त्या पेटीत खरा प्रोसेसर नखाएवढा असतो. त्यात कोट्यवधी सूक्ष्म विद्युत्-कळा सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडझाप करतात. त्यासाठी जेवढी वीज आत जाते, जवळजवळ तेवढीच उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे ६५ वॅट वीज घेणारा प्रोसेसर ६५ वॅटची छोटी शेगडीच असतो.

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला प्रसिद्ध वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यातला प्रोसेसर जेमतेम दोन वॅट वीज घेई. त्याला स्वतंत्र पंख्याची गरजच नव्हती. आजच्या साध्या टेबलावरच्या संगणकातला प्रोसेसर ६५ वॅटच्या आसपास घेतो, तर जोरकस प्रोसेसर २०० वॅटच्याही पुढे जातात.

६५ वॅट म्हणजे काही फार नव्हे, असे तुम्हाला वाटेल. पण जागा किती, तेही पाहा. घरातली इस्त्री ७५० वॅटची असते आणि तिचा तळ साधारण १५० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट उष्णता येते. प्रोसेसरची उष्णता निर्माण होते ती दोनेक चौरस सेंटिमीटर जागेत. तेथे हेच प्रमाण ३२ वॅट पडते. इस्त्रीच्या सहापट! ही उष्णता तेथून सतत हलवली नाही, तर काही सेकंदांत तापमान १०० अंशांजवळ जाईल. तसे होऊ लागले की प्रोसेसर आपण होऊन कामाचा वेग कमी करतो. एवढ्यानेही भागले नाही, तर जळून जाण्यापेक्षा तो बंद पडणे पत्करतो. हिमायतनगरच्या त्या दुपारी झाले ते हेच.

वाऱ्याची रीत

फटफटीचे इंजिन तुम्ही जवळून पाहिले असेल. त्याच्या अंगावर पातळ पात्यांची ओळ असते. या पात्यांमुळे इंजिनाची हवेला लागणारी बाजू कितीतरी वाढते आणि धावत्या गाडीचा वारा उष्णता घेऊन जातो. संगणकातही हीच युक्ती आहे. प्रोसेसरवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घट्ट बसवतात. त्यावर पातळ पत्र्यांचा जुडगा असतो. कारागीर त्याला ‘हीट सिंक’ म्हणतात. वर पंखा असतो. धातू उष्णतेचे वहन करून ती पत्र्यांपर्यंत आणतो आणि पंख्याची हवा ती तेथून पळवते.

यात एक गंमत आहे. चांगल्या हीट सिंकमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात आणि त्यांत थोडेसे पाणी असते! नळीतला दाब कमी ठेवलेला असल्यामुळे हे पाणी थोड्या उष्णतेनेही वाफ होते. वाफ नळीच्या थंड टोकाकडे जाते, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि परत येते. म्हणजे ‘वाऱ्याने थंड होणाऱ्या’ संगणकातही पाणी गुपचूप राबत असते.

पाण्याची रीत

आता ट्रॅक्टर आठवा. त्याच्या इंजिनाभोवती पाणी खेळते. तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येते, तेथे पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. पाण्याने थंड होणारा संगणक म्हणजे याच योजनेची छोटी आवृत्ती. प्रोसेसरवर तांब्याची पोकळ चकती, एक चिमुकला पंप, दोन नळ्या, पेटीच्या कडेला रेडिएटर आणि त्यावर पंखा. होय, पंखा येथेही आहेच. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळा निकाल त्यावरच लागणार आहे.

पाणीच का? आपण हिशेब करू. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते, तर एक ग्रॅम हवेला साधारण १ ज्यूल पुरते. आपल्या प्रोसेसरमधून दर सेकंदाला ६५ ज्यूल उष्णता निघते. ती वाहून नेताना हवा १० अंशांनी तापू द्यायची, असे ठरवले तर दर सेकंदाला साडेसहा ग्रॅम हवा लागेल. हवा फार विरळ असल्यामुळे ही हवा भरते सुमारे सहा लिटर. तेच काम पाण्याने करायचे तर दर सेकंदाला दीड ग्रॅम पाणी पुरेल. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा! एकीकडे सहा लिटर हवा, दुसरीकडे चमचाभरही नाही इतके पाणी. उष्णता वाहण्यात पाणी किती तरबेज आहे, हे यावरून कळेल.

मग पाणी जिंकले का?

थांबा. पाण्याने उष्णता उचलली, नळीतून नेली. पण ती ठेवली कोठे? रेडिएटरमधून ती शेवटी त्याच खोलीतल्या हवेला दिली. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते नुसते हमाल आहे. ओझे उतरवण्याचा धक्का दोन्ही रीतींत एकच, आणि तो म्हणजे खोलीतली हवा.

म्हणून खोलीत ४२ अंश असताना वारा काय किंवा बंद नळीत फिरणारे पाणी काय, प्रोसेसरला ४२ अंशांच्या खाली कधीच आणू शकणार नाही. दोन्हींत फरक पडतो तो प्रोसेसर हवेपेक्षा किती जास्त तापलेला राहतो, एवढ्यापुरताच. समजा, साधा पंखा हा फरक ४० अंश ठेवतो आणि पाण्याची योजना ३० अंश ठेवते. मग जानेवारीतल्या २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर अनुक्रमे ६५ आणि ५५ अंशांवर राहील. एप्रिलमध्ये तो ८२ आणि ७२ अंशांवर राहील. दोन्ही चालण्याजोगेच आहेत.

तर मग संगणक बंद का पडला? पेटी उघडून पाहिली तर कारण बहुधा डोळ्यांनाच दिसते. पत्र्यांच्या फटींत धुळीचा जाड थर बसलेला असतो. पंखा कितीही घोंघावला तरी हवा पत्र्यांमधून जातच नाही. ४० अंशांचा फरक ६० वर गेला की ४२ आणि ६० मिळून १०२ अंश. झाले, पडदा काळा! असाच थर रेडिएटरवर बसला तर पाण्याच्या योजनेचीही तीच गत होईल.

आता खोलीचा विचार करा. शंभर-शंभर वॅटचे वीस संगणक म्हणजे २,००० वॅट. बसलेला माणूससुद्धा अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे वीस विद्यार्थ्यांचे आणखी २,००० वॅट. उन्हामुळे दारे-खिडक्या बंद केल्या, तर तुम्ही चार हजार वॅटच्या शेगडीशेजारी बसून गणित सोडवता आहात! सकाळीच वर्ग भरवणे, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, उन्हाच्या बाजूला पडदे लावणे, पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे, आणि धूळ काढणे: शाळेच्या संगणकांना एवढे उपचार पुरतात.

पाण्याच्या योजनेचे खर्चही आहेत. पंप झिजतो. नळीचा जोड सैल झाला तर पाणी विजेच्या भागांवर गळते. त्यात आपल्याकडचे बोअरचे पाणी तर मुळीच चालत नाही. पातेल्याच्या तळाशी जमणारा पांढरा थर तुम्ही पाहिला आहे ना? तसाच क्षारांचा थर त्या चकतीतल्या बारीक फटी बुजवून टाकील. तेथे ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक द्रव्येच हवीत.

पाण्यावाचून चालत नाही, ते कोठे?

जेथे थोड्या जागेत फार उष्णता निघते आणि सेकंदाला सहा नव्हे, तर हजारो लिटर हवा खेळवावी लागेल, तेथे पाण्याचे राज्य सुरू होते.

महाराष्ट्रातलीच उदाहरणे घेऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. दिव्यासारख्या तापणाऱ्या या नळ्यांनी एक अख्खी खोली व्यापली होती. पुढे १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्याच घराण्यातला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक २०१९ साली पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत बसवण्यात आला. त्याच्या प्रोसेसरांवरची उष्णता थेट नळ्यांतला द्रवच उचलतो. एवढे प्रोसेसर एकमेकांना खेटून ठेवायचे तर नुसत्या वाऱ्यावर भागत नाही.

पाणी खर्ची पडते ते येथे

बंद नळीतले पाणी संपत नाही. तेच ते फिरत राहते. पण मोठ्या संगणक-केंद्रांत पुष्कळदा आणखी एक युक्ती वापरतात. ही युक्ती तुमच्या घरातल्या माठाची आहे. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी भोवतालच्या हवेहूनही थंड होते. नुसत्या वाऱ्याला आणि बंद नळीला जे साधत नाही, ते बाष्पीभवनाला साधते. मात्र हे पाणी परत मिळत नाही.

हिशेब करा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता जाते. एका केंद्रातून १० लाख वॅट, म्हणजे एक मेगावॅट, उष्णता निघते आणि ती सगळी बाष्पीभवनाने घालवायची, असे धरा. दर तासाला १,५०० लिटर आणि दिवसाला ३६,००० लिटर पाणी हवेत जाईल.

मराठवाड्यातल्या मुलांना हा आकडा काय आहे, हे समजावून सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे ३६,००० लिटर हे एका वाघिणीचा मोठा हिस्सा झाले, तेही रोज! २०१३ साली परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, हेही आठवा. म्हणून ‘वारा की पाणी’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. उष्णता किती, जागा किती आणि गावात पाणी किती, हे तिन्ही विचारूनच ते द्यावे लागते. उद्या तुमच्यापैकी कोणी असे केंद्र उभारायला निघाला, तर हा हिशेब विसरू नका.

करून पाहा

सारखे तीन स्टीलचे पेले घ्या. तिन्हींत सारखेच कोमट पाणी ओता. प्रयोगशाळेतला तापमापक शिक्षकांकडून मागून घ्या. पहिला पेला तसाच ठेवा. दुसरा पंख्यासमोर ठेवा. तिसऱ्याभोवती ओले फडके गुंडाळून तोही पंख्यासमोर ठेवा. तिन्हींवर ताटली झाका. दर दहा मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख काढा. दुसरा पेला पहिल्यापेक्षा लवकर निवेल, पण खोलीच्या तापमानाशी येऊन थांबेल. तिसरा त्याच्याही खाली जाईल. हाच प्रयोग जुलैमध्ये, पावसाळी दमट हवेत पुन्हा करा. तिसऱ्या पेल्याचे काय होते, आणि का?

आणि हो, सुट्टी लागण्यापूर्वी शिक्षकांसमोर संगणकाची तार काढून पेटी उघडा. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा. झाडण्याआधी आणि नंतर, दुपारी दोन वाजता संगणक किती तापतो, त्याची नोंद करा. तुमच्या शाळेपुरते या वादाचे उत्तर त्या दोन आकड्यांत मिळेल.