बिबट्याला पिंजरा लावा म्हणण्याआधी

फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातल्या कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला आणि काही तासांनी समतानगरात त्याला बेशुद्ध करून पकडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतल्या एका इमारतीत बिबट्या शिरला, काही माणसं जखमी झाली. दोन्ही वेळा सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूर एकच होता: जंगलात खायला उरलं नाही म्हणून ही जनावरं शहरात येतात, पकडा आणि लांब नेऊन सोडा. यातलं ‘लांब नेऊन सोडा’ सर्वांत महागात पडतं, पण त्याआधीच्या समजुतीही तपासायला हव्यात.

बिबट्याला घनदाट जंगल लागतं, ही त्यातली पहिली. नगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली. जंगल नाही, शेतंच शेतं, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं. तरी १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे निघाले. विष्ठा तपासली तेव्हा खाण्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आणि शेळ्यांचा ११ टक्के होता. खरं तर त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. पण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रं उघड्यावर. बिबट्याचा हिशेब इतका सरळ आहे.

नगरच्या कोरड्या पट्ट्याचा ठाण्याशी काय संबंध, असं कुणी विचारील. ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याची गोष्ट आठवा. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं. महिनाभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालला. वाटेत मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसारा स्टेशनाजवळून गेला, वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून निघाला, खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. वाटेत कुणाला ओरखडाही नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. त्याच्यावर २०१४ मध्ये सिनेमाही आला. कसारा ते वसई हा आपला पट्टा त्याच्या लेखी रस्ताच होता, आणि असे रस्ते धरणारा तो एकटाच असेल असं मानायला काही आधार नाही.

आता ‘जंगलात खायला उरलं नाही’. येऊर हा त्याच राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. उद्यान आणि लगतच्या परिसरात २०१५ च्या गणनेत ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. चितळ-सांबर अजून आहेत. पण कचऱ्याच्या ढिगाभोवती भटकी कुत्री जमली की त्यांच्यामागे बिबट्या काठावर येणारच. भुकेने कासावीस होऊन नव्हे, सोपं मिळतं म्हणून. तेव्हा पिंजऱ्याच्या अर्जाआधी कचराकुंडीचा अर्ज करावा.

आणि उचलून नेण्याचं काय होतं ते जुन्नरने दाखवून दिलं आहे. तिथे २००१ नंतर पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे सोडले गेले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारांवरून सतरावर गेले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. कारण समजायला अवघड नाही. पिंजऱ्यात घाबरलेला, जखमी झालेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला की त्याला ना लपायच्या जागा ठाऊक, ना माणसांच्या वेळा. तो घराकडे निघतो, वाटेत गावं लागतात. इकडे मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या धरतो. राष्ट्रीय उद्यानाभोवती २००२ ते २००४ मध्ये हल्ले वाढले, तेव्हाही बाहेरचे बिबटे आणून सोडले जात होते.

बिबट्याच्या गडबडीत धाकट्या भावंडांकडे कुणी बघत नाही. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक असलेली वाघाटी येऊरच्या जंगलात आहे. पूर्ण वाढ झाली तरी वजन दीड किलोच्या आसपास. जुन्नरच्या उसात तिची पिल्लं सापडली की ‘बिबट्याचे बछडे’ म्हणून ओरड होते. शेपटी बघा. बिबट्याच्या पिल्लाच्या शेपटीवर ठळक ठिपके असतात, वाघाटीची जवळजवळ साधी. आई शिकारीला गेली म्हणून पिल्लं एकटी असतात, अनाथ नसतात. उचलली की अनाथ होतात.

दुसरं भावंड म्हणजे बाऊल, लांब पायांचं, आखूड शेपटीचं रानमांजर. गवताळ माळ, लव्हाळी, शेताचे बांध ही त्याची घरं, उंदीर हे मुख्य खाणं. त्याचा शत्रू आपला सातबाऱ्यावरचा ‘पडीक’ हा शेरा. झाडं नाहीत म्हणजे जमीन रिकामी, असं ठरवून आपण माळावर भराव टाकतो किंवा वृक्षारोपण करून फोटो काढतो. बाऊलाला यातलं दुसरंही नको असतं. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत कसं संपत आलं हे डोंबिवलीकरांना सांगायला नको.

बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, पाठलाग करू नका, मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका; कोंडलेला बिबट्या हल्ला करतो. मुलांना संध्याकाळनंतर एकटं सोडू नका, कुंडीबाहेर कचरा टाकू नका आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पिल्लं सापडली तरी हाच क्रमांक, आणि तोवर त्यांना हात लावू नका.