पुरात बोटीचे इंजिन दगा देऊ नये म्हणून…

जुलै २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांना पुराने वेढले होते. अशा वेळी भिस्त असते ती बचाव पथकाच्या रबरी बोटीवर आणि तिच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनावर, म्हणजेच ‘ओबीएम’वर. हे इंजिन ऐनवेळी सुरू न होण्याचे कारण कधी कधी आधीच्या वाहतुकीत असते.

नेताना काय पाहावे?
पाण्यातून काढलेले इंजिन उभे धरून आतले पाणी निथळू द्यावे. फोर-स्ट्रोक इंजिन कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच आडवे ठेवावे. नाहीतर तेल सिलिंडरमध्ये शिरू शकते. डोक्याची बाजू पंख्यापेक्षा उंच हवी. पेट्रोलची नळी काढून टाकीच्या झाकणावरची हवेची फिरकी बंद करावी.

चालवताना काय पाळावे?
क्लॅम्प घट्ट आवळावेत, शिवाय इंजिन दोरीने बोटीला बांधावे. लाइफ जॅकेट घालून ‘किल कॉर्ड’ अंगाला अडकवावी. चालक पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद होते. इंजिन न्यूट्रलमध्येच सुरू करावे. मागून पडणारी पाण्याची धार थांबली, तर कचरा अडकला असू शकतो; लगेच बंद करावे. माणसाला पाण्यातून वर घेताना पंखा थांबलेलाच हवा.

परतल्यावर काय करावे?
गाळ निघून जाण्यासाठी इंजिन पिंपातल्या स्वच्छ पाण्यात काही मिनिटे चालवावे. कोरडे चालवल्यास पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबर खराब होते. पावसाळ्यापूर्वी हीच चाचणी पुन्हा घ्यावी. बिघाड पिंपात कळलेला बरा, पुरात नव्हे.